मेणाचे दात, चकचकीत चाकं

ए, ऐक ना. नुसतं ऐक. मध्ये "मग? मग?" करू नकोस, मी सांगतेच आहे. आणि माझ्या जॅकेटच्या पाठीकडे बघणं आधी बंद कर. ते गुलाबी डाग कसले ते शेवटी येणार आहे. आत्ताच सांगितलं तर मजा जाईल.

तर मी दिवसभर काय करते ते तुला माहितीये. पाठीवर ती चौकोनी बॅग, खाली सायकल, आणि कानात आमच्या कुरिअर ऑफिसातला फोनवरचा दादा… "इथून उचल, तिथे टाक, पोचलीस का, अजून तिथेच?" दादाला वाटतं सिग्नल हिरवा करायचं बटण माझ्याच खिशात आहे. मोठ्या ऑफिसांचे वॉचमन मला बघितलं की तोंड न उघडता बोटाने मागचं दार दाखवतात. मालाची लिफ्ट. उजव्या पोटरीवर चेनच्या वंगणाचा काळा ठसा तर कायमचाच. आई म्हणते, "राहू दे, हरवलीस तर पोलिसांना सांगायला एक खूण झाली."

आणि माझ्या सायकलीला मागे कॅरिअर आहे. भावाने जुन्या सायकलीचं काढून बसवलंय. बाकीची कुरिअरची पोरं हसतात, "ए दूधवाली" म्हणतात. हसू देत. दुसरी गोष्ट म्हणजे तिचा पुढचा ब्रेक. असा किंचाळायचा की गल्लीतली कुत्री उठून बसायची.

असं एकदा दादाने मला दातांच्या लॅबमध्ये पाठवलं. दवाखाना नाही गं, कवळ्या बनतात ती जागा. तिसरा मजला, लिफ्ट नाही. मी धापा टाकत बेल वाजवली, दार उघडलं, आणि समोर एक मुलगा. केसांत, भुवयांवर, पापण्यांवरसुद्धा गुलाबी धूळ. कवळीच्या हिरड्या घासून घासून उडते ती. दोन्ही हातांत साचे, तोंडात पेन्सिल.

"धरा जरा," म्हणाला, आणि माझ्या हातात काय दिलं असेल? कुणाचा तरी अख्खा वरचा जबडा.

आता तूच विचार कर. अनोळखी माणसाचे दात हातात घेऊन मी दारात उभी. कसंनुसं हसले. तर तो हातातले साचे खाली ठेवायचंच विसरला. माझ्या तोंडाकडे बघत राहिला, पेन्सिल काढली आणि म्हणाला,

"तुमचा वरचा डावा सुळा फार सुंदर आहे."

मी म्हटलं, "आणि उरलेली मी?"

"ती…" कान लाल झाले त्याचे, गुलाबी धुळीतून दिसले मला. "ती अजून नीट बघितली नाही."

"मग बघून ठेवा. उद्याही मीच येणारे."

उद्या मी येणार होते की नाही हे दादालाही माहीत नव्हतं. पण खाली उतरल्या उतरल्या मी दादाला फोन करून ती लॅब माझ्या नावावर लावून घेतली. आणि फोनमध्ये त्या मुलाचं नाव टाकलं, 'सुळा'. हो, तोच तो सुळा, ज्याचा मेसेज आला की तू माझा फोन हिसकावतेस.

मग रोजचंच झालं. मी खाली ब्रेक दाबायचे, तो किंचाळायचा, आणि तिसऱ्या मजल्यावर सुळा हात पुसून दारात हजर. बेल वाजवायची गरजच नाही. मी म्हणायचे, "कवळीचा डबा द्या, उशीर होतोय." तो म्हणायचा, "आधी सहासष्ट म्हणा."

"कशाला?"

"दात बरोबर बसलेत का ते 'स'वरून कळतं. पेशंटला आम्ही हेच म्हणायला लावतो."

"माझे दात जन्मापासून बसलेत."

"तरी खात्री केलेली बरी."

आणि मी रोज वेड्यासारखी दारात उभी राहून सहासष्ट म्हणायचे. घरीसुद्धा भांडी घासताना एकदा तोंडातून गेलं, तर आई म्हणाली, "सहासष्ट काय? आणि हल्ली एकटीच दात का काढत असतेस?"

आता जरा कामाचं ऐक, नाहीतर पुढचं कळणार नाही. कवळी एकदम पक्की करत नाहीत. आधी मेणाच्या हिरड्यांत दात बसवतात. ते दवाखान्यात जातं, पेशंटच्या तोंडात लावून बघतात, वरचे-खालचे नीट भेटतात का, बोलताना शिटी वाजते का. सगळं जमलं की परत लॅबमध्ये येतं आणि मग पक्की कवळी होते. ही ने-आण माझी.

सुळा इतकी वर्षं तिथे प्लास्टर कालवत होता आणि दुसऱ्यांच्या कवळ्या पॉलिश करत होता. आणि आत्ता कुठे मालकीणबाईंनी, त्यांना सगळे मॅडमच म्हणतात, त्याला पहिल्यांदा पूर्ण कवळी एकट्याने करायला दिली. पेशंट म्हणजे एक आजोबा. आयुष्यभर स्टेशनवर गाड्यांची घोषणा करत होते. आता नवीन स्टेशन उघडणार होतं आणि पहिली घोषणा त्यांनीच करावी असं तिथल्या साहेबांनी बोलावून सांगितलं होतं. पण तोंडात दात नाहीत. जुन्या कवळीने 'सुटणार आहे' म्हटलं की गाडी सुटायच्या आधी कवळीच सुटायची.

सुळाने जीव ओतून ते दात लावले. मला दाखवले, एकेक. म्हणाला, "आजोबांचा समोरचा एक दात थोडा तिरका होता, जुन्या फोटोत बघितला. तसाच ठेवलाय. नाहीतर आरशात दुसराच माणूस दिसेल त्यांना." त्याच क्षणी माझं काय ते ठरलं, बरं का. दुसऱ्याच्या तिरक्या दाताची एवढी काळजी करणारा माणूस मला कुठे मिळणार होता?

तर ते दात गेले दवाखान्यात. आणि परत आले. डॉक्टरीणबाईंचा निरोप, तोंड मिटत नाही, मागचे दात आधी टेकतात. सुळाने परत लावले. परत तेच. लॅबमध्ये टेबलावर साच्यावर ठेवलं की अगदी बरोबर, दवाखान्यात पोचलं की वेडंवाकडं. बाकीच्यांच्या कवळ्याही मीच नेत होते, त्या सगळ्या ठीक.

त्या दिवशी डबा देताना तो सहासष्ट म्हणा म्हणालाच नाही.

"काय झालं?" मी विचारलं.

"मॅडम म्हणाल्या, हात बसला नाही तुझा अजून. हे शेवटचं. आज जमलं नाही तर काम आमच्या इथल्या जुन्या कारागीर काकांकडे, आणि मी परत प्लास्टर."

"मग थोडे दिवस प्लास्टर करा, काय बिघडलं."

"नाही जमायचं आता." डब्याच्या झाकणावरून बोट फिरवत राहिला. "मामाचं दुकान आहे दुसऱ्या गावाला. इथे नाही जमलं तर तिकडे जाईन. बॅग भरायला कितीसा वेळ लागतो."

मी बॅगेची चेन उगाच उघडली, परत लावली. वरवर म्हटलं, "तुमच्या मामाच्या गावाला कुरिअर जात नाही."

"माहितीये," म्हणाला. "तेच तर."

मी काही बोलणार तेवढ्यात मॅडमनी आतून मला हाक मारली. एका दुसऱ्या साच्याचं प्लास्टर वाळायचं होतं, बस म्हणाल्या, पाणी दिलं. मी बसले. सुळा मध्येच कुठेतरी गायब झाला, बऱ्याच वेळाने हात मागे लपवत परत आला, तोंडावर चोरटं हसू. म्हटलं मगाशी रडवेला होता, आता याला काय झालं? मी त्याचा पत्र्याचा डबा नेहमीसारखा बॅगेत ठेवला आणि निघाले.

लॅबपासून थोडं पुढे उड्डाणपूल आहे. चढून गेले, उतार लागला, वारा कानात, खाली सिग्नल लाल. ब्रेक दाबला.

काही नाही.

म्हणजे किंचाळलाही नाही आणि लागलाही नाही. दोन्ही ब्रेक दाबले, बोटं पांढरी पडली, सायकल आपली लोण्यावरून घसरल्यासारखी चाललीये. तोंडचं पाणी पळालं गं. डोक्यात एकच, पाठीवर त्याचे दात आहेत. माझे पडले तरी चालतील, ते नको. डावीकडे गाद्यांचं दुकान, बाहेर फुटपाथवर गाद्या उभ्या करून ठेवलेल्या. मी हँडल वळवलं, डोळे मिटले, आणि सरळ गाद्यांत.

दोन गाद्या अंगावर पडल्या. वरून गादीवाले काका वाकून बघतायत.

"ताई," म्हणाले, "दुकानात यायला दार आहे."

मला खरचटलंसुद्धा नव्हतं. उठले आणि चाक बघितलं. रिम अशी चमकत होती की त्यात माझंच तोंड दिसलं. बोट लावलं तर गुळगुळीत, वर पुदिन्यासारखा वास. हा वास मला पाठ होता. रोज तिसऱ्या मजल्यावर येतो.

सायकल हातात धरून मी उलट्या पावली लॅबमध्ये. जिने कसे चढले माहीत नाही.

"माझ्या चाकांना काय केलंत?"

आणि तो, अगं, तो खुश झाला. "दिसलं तुम्हाला? पॉलिश केलं. कवळीला शेवटी करतो ना, तेच. ब्रेकच्या रबरांनाही लावलंय. म्हटलं गेलोच इथून, तर जाता जाता तेवढं तरी… आता आवाज नाही ना येत?"

"आवाज नाही येत. ब्रेकही नाही लागत."

त्याचा चेहरा पांढरा पडला. "वेडी आहेस का तू? आणि तशीच पुलावरून गेलीस?"

लक्षात आलं? 'तू'. पहिल्यांदा. मी भांडण विसरता विसरता राहिले.

"वेडी मी? अरे दातवाल्या, रबराला धरायला चाक खरखरीत लागतं. चाक म्हणजे काय कुणाची बत्तिशी आहे, चमकवायला?"

"मला काय माहीत? मला सायकल कुठे येते."

"येत नाही?"

"नाही येत. लागलं का तुला? दाखव. हात दाखव."

"मला काही झालं नाही. तुझे दात बघ."

मी बॅगेतून डबा काढून त्याच्या हातात दिला. त्याने घेतला आणि तसाच उभा राहिला. झाकण उघडेना. डबा या हातातून त्या हातात, मग चक्क गालाला लावला.

"हा गरम का आहे?"

"काय?"

"डबा. गरम आहे." उघडला. दात सगळे होते, एकही तुटलेला नव्हता. पण मागच्या बाजूला मेण जरासं, अगदी जरासं बसलं होतं, उन्हात ठेवलेल्या मेणबत्तीसारखं. "बॅगेत कुठे ठेवतेस हा तू?"

"पाठीला लावून. आमचं तसंच असतं. वर ठेवलेल्याला दणके बसतात, खालच्यावर वजन येतं. सगळ्यात नाजूक जे असतं ते पाठीशी."

"आणि बाकीच्यांच्या कवळ्या?"

"त्या वर ठेवते."

"माझीच का पाठीशी?"

आतून घासायचं यंत्रसुद्धा बंद झालं होतं, काका मान लांब करून ऐकत होते. मी पंख्याकडे बघून म्हटलं, "तुझी होती म्हणून."

तो स्टुलावर खालीच बसला. मला वाटलं रडतोय. हसत होता. हसता हसता डोळे पुसत होता, गुलाबी धुळीचे ओघळ गालांवर. "म्हणजे माझा हात बरोबर होता," म्हणाला. "हात बरोबर होता. तुझी पाठ…"

"काय माझी पाठ?"

"फार मायाळू आहे."

आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कुणाला. त्याने माझी चाकं बिघडवली काळजीने, मी त्याचे दात बिघडवले काळजीने. आम्ही दोघं तिथे खुळ्यासारखे हसत बसलो असतो, पण दारातून मॅडम म्हणाल्या, "भांडण झालं असेल तर सांगते, आजोबा दवाखान्यात येऊन बसलेत."

मग काय धावपळ. सुळाने दिवा पेटवला, बारीक सुरीने मेण तापवून एकेक दात परत जागेवर आणायला लागला. मी त्याच्याच टेबलावरून काचकागद आणि स्पिरिट उचललं, खाली जाऊन रिमा घासल्या, रबरं खरवडली, नखं मोडली. वर ते सावकाश, खाली हे दणादण. तो डबा घेऊन खाली आला तेव्हा माझे ब्रेक धरायला लागले होते.

"पण ठेवणार कुठे?" तो म्हणाला. "पाठीला नको. वर दणके."

आम्ही दोघांनी एकदमच कॅरिअरकडे बघितलं.

"मी धरतो," म्हणाला. "हात लांब करून. वाऱ्यात थंड राहील."

"बस."

"तू ओढशील मला? दवाखान्याला चढ आहे."

"रोज मीच चढते तो."

"एकटी चढतेस."

"म्हणूनच म्हणते, बस."

बसला. ज्याला सायकल येत नाही तो कसा बसतो माहितीये? पेटाऱ्यासारखा. एका हातात डबा बाजूला धरलेला, दुसऱ्या हाताने सीटची कड घट्ट. पहिल्याच सिग्नलला आमची कुरिअरची पोरं उभी. एक जण म्हणाला, "काय दूधवाली, आज म्हैसच घेऊन निघालीस?"

मागून सुळा गंभीरपणे म्हणाला, "नमस्कार." डबा हातात असल्यामुळे मान वाकवून.

चढ लागला. मांड्या पेटल्या, घाम डोळ्यांत. मी उभी राहून पॅडल मारतेय, मागून आवाज, "उतरू का?"

"गप्प बस."

"मी जड आहे का?"

"कवळीपेक्षा थोडा."

"खरंच सांगतो, तुझ्या पाठीतून भट्टीसारखी ऊब येते. इथपर्यंत लागते."

"मग डबा लांब धर."

"डबा लांबच आहे. मीच जवळ आहे…"

आणि तेव्हा मी तो चढ चढले, अगं. श्वास संपला होता, बोलता येत नव्हतं, पण पाय थांबले नाहीत. एका मोटारवाल्याने हॉर्न दिला, मीही जिभेने टॅक करून उत्तर दिलं. वर पोचले तेव्हा वाटलं, आत्ता कुणी म्हटलं तर हे अख्खं शहर मागे बसवून नेईन.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी डब्याला हात लावला. गार होता. आजोबांच्या तोंडात दात लावले. सुळा भिंतीला टेकून, डोळे मिटून. मी त्याच्या बाहीचं टोक धरलेलं.

"म्हणा आजोबा," बाई म्हणाल्या, "सहासष्ट."

"सहासष्ट."

स्वच्छ. शिटी नाही, फुर्र नाही. आजोबा स्वतःच दचकले. "सदुसष्ट," म्हणाले. "अडुसष्ट." आरसा मागितला, बघितलं, आणि बोटाने समोरच्या तिरक्या दाताला हात लावला. मग खुर्चीत ताठ बसले, घसा साफ केला आणि जो आवाज लागला ना… "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, सकाळची सुपरफास्ट थोड्याच वेळात सुटणार आहे." बाहेर बाकावर बसलेल्या एका काकूंनी पिशवी उचललीच.

बाईंनी मॅडमना फोन लावून सुळाच्या हातात दिला. मॅडम पलीकडून एवढंच म्हणाल्या, "पक्की कर. आणि उद्यापासून खिडकीजवळचं टेबल तुझं." मामाचं गाव तिथेच संपलं. जीव भांड्यात पडला माझा.

स्टेशनच्या कार्यक्रमाला आम्ही दोघं गर्दीत मागे उभे होतो. वरच्या सगळ्या भोंग्यांतून आजोबांचा आवाज आला, एकेक 'स' खणखणीत. लोक टाळ्या वाजवत होते स्टेशनला. आम्ही वाजवत होतो दातांना. सुळाने माझ्याकडे बघून नुसते ओठ हलवले. सहासष्ट.

थांब, संपलं नाही.

भावाने सायकलीला नवीन रबरं बसवली. ब्रेक मऊ, आवाज शून्य. आणि सुळाचं तोंड उतरलेलं. मी लॅबच्या दारात बेल वाजवायचे, तो धावत यायचा, केस विस्कटलेले. शेवटी काल मी विचारलं, "झालंय काय तुला? टेबल मिळालं, काम मिळालं…"

"तू आलीस ते कळत नाही आता," म्हणाला. "दर थोड्या वेळाने उठून खिडकीत बघतो. मॅडम म्हणाल्या, टेबल खिडकीजवळ दिलं ते उजेडासाठी."

"मग?"

"मग काय… मीच आवाज घालवला. मला परत दे तो."

अगं, ब्रेक किंचाळायला लावणं सोपं असतं. रबराची मागची कड आधी टेकेल असं थोडं तिरकं बसवायचं, बस. पान्याचं काम. आज सकाळी केलं. मग निघाले, लॅबच्या गल्लीत शिरले, वेग घेतला, आणि बरोबर त्याच्या खिडकीखाली दाबला.

कुत्री उठली. दोन्ही बाजूच्या खिडक्या उघडल्या. वर मॅडम, काका, सगळ्यांची डोकी बाहेर. आणि जिन्यावरून दाणदाण पावलं, सुळा खाली, हात पुसायचेही राहिले, कोपरापर्यंत गुलाबी. धापा टाकत माझ्यासमोर.

"एक विचारायचंय," म्हणाला.

"विचार. पण सहासष्ट म्हणायला लावू नकोस, सगळे बघतायत."

"नाही. ते नाही. मला… मला सायकल शिकवशील? म्हणजे एका दिवसात नाही. हळूहळू. कितीही वर्षं लागली तरी."

वरून काका म्हणाले, "हो म्हण गं पोरी, माझं मेण थंड होतंय."

आता बघ जॅकेटची पाठ. बघ नीट. दोन तळवे, दहा बोटं, सगळी स्पष्ट उमटलीयेत. आई म्हणते धुऊन टाक. मी नाही धुणार. सांग ना, भर रस्त्यात, एवढ्या खिडक्यांसमोर, असे गुलाबी हात घेऊन कुणी तुला असं विचारलं असतं… तर तू काय केलं असतंस?